केस तपासले, जात कोण तपासणार?

अमृतसरच्या एका शीख वैद्यकीय महाविद्यालयात शीख अल्पसंख्याकांच्या राखीव जागांवर प्रवेश मागणाऱ्या काही विद्यार्थ्यांना नकार मिळाला. गुण कमी पडले म्हणून नव्हे. कुणी केस कापले होते, एका मुलीने भुवया कोरल्या होत्या. प्रकरण पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेले. २००९ साली पूर्णपीठाने निकाल दिला की न कापलेले केस हा शीख धर्माचा अविभाज्य भाग आहे. संस्थेचा नकार योग्य आहे. म्हणजे शीख कोण, हे एका भुवईवर ठरले.

आपल्यापैकी काहींना हे वाचून हसू येईल. हसण्यासारखे त्यात काही नाही. ज्या समाजाने केसांसाठी मुंडकी दिली, त्याला केस म्हणजे काय हे आपण बाहेरून शिकवू नये. शिवाय राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात शीख, जैन आणि बौद्ध यांना 'हिंदू' या शब्दाखाली घातलेले आहे. गिळंकृत करायला टपलेला शेजारी असला की आपली सीमारेषा ठळक आखावीच लागते. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या याच जाणिवेतून. तेव्हा प्रश्न केस ठेवावेत की नाही हा नाहीच. व्याख्येतले कोणते कलम तपासले जाते आणि कोणते गुंडाळून ठेवले जाते, हा प्रश्न आहे.

मुळात व्याख्या एक नाही. १९२५ च्या गुरुद्वारा कायद्यात शंका आल्यास प्रतिज्ञा एवढीच: मी शीख आहे, गुरू ग्रंथसाहिबावर आणि दहा गुरूंवर माझा विश्वास आहे, मला दुसरा धर्म नाही. केसांचा उल्लेख नाही. शिरोमणी समितीने १९४५ मध्ये मंजूर केलेल्या 'रहत मर्यादा' या आचारसंहितेत त्यात दहाव्या गुरूने दिलेल्या अमृतदीक्षेवरील श्रद्धेची भर आहे. दिल्लीचा १९७१ चा कायदा मात्र न कापलेले केस व्याख्येतच घालतो. केस कापणारे पण ग्रंथसाहिबाला मानणारे ते सहजधारी. त्यांचा शिरोमणी समितीच्या निवडणुकीतला मताधिकार २००३ च्या अधिसूचनेने काढला, २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि २०१६ मध्ये संसदेने कायदाच बदलून, तोही २००३ पासून, तो पुन्हा काढून घेतला. केसांच्या बाबतीत यंत्रणा एवढी दक्ष आहे!

आता दुसरे कलम पाहा. १६९९ च्या बैशाखीला आनंदपुरात गुरू गोविंदसिंगांनी शीर मागितले तेव्हा पाच जण उठले. परंपरा सांगते ती त्यांची ओळख अशी: लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, जगन्नाथपुरीचा पाणक्या, द्वारकेचा शिंपी आणि आपल्या शेजारच्या बिदरचा न्हावी. वस्तरा चालवणाऱ्या जातीतला माणूस केस न कापणाऱ्यांच्या पहिल्या पाचांत बसला. लोखंडी वाटीत पाणी आणि बत्तासे, खंड्याने ढवळलेले. पाचही जण एकाच वाटीतून प्याले. मग गुरूने त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतः दीक्षा घेतली. उष्ट्या-खरकट्याच्या, शिवाशिवीच्या देशात हा साधा विधी नव्हता. तो मनुस्मृतीवर घातलेला घाव होता. आजही दीक्षा घेणाऱ्याला सांगितले जाते की तुझे मागचे कूळ संपले, तुझा पिता गुरू गोविंदसिंग, माता साहिब कौर. त्याच रहत मर्यादेत हेही लिहिले आहे की शिखाने विवाह करताना जात पाहू नये.

आणि ज्यांची पदे ग्रंथसाहिबात आहेत ते नामदेव शिंपी, रविदास चांभार, कबीर विणकर? ते खालसा स्थापनेच्या आधीचे. १९७१ ची पट्टी लावली तर त्यांचे काय होईल, हे ज्याने त्याने ठरवावे.

अमृत घेतल्याने जात गेली का? १२ ऑक्टोबर १९२० चा दिवस आठवा. जालियनवाला बागेत दीक्षा घेतलेले अस्पृश्य जातींतले शीख कडाहप्रसाद घेऊन सुवर्णमंदिरात गेले. पुजाऱ्यांनी त्यांच्या हातचा प्रसाद नाकारला. केस होते, अमृत घेतलेले होते, तरी नाकारला! वाद झाला, ग्रंथ उघडला, निघालेले वचन त्यांच्या बाजूचे निघाले आणि पुजाऱ्यांना वाकावे लागले. पुढे हे लोक अकाल तख्तावर गेले तेव्हा तिथले पुजारी पळून गेले. महिनाभरात शिरोमणी समिती उभी राहिली. जी समिती पुढे केस तपासू लागली, ती अस्पृश्यांच्या हातच्या प्रसादावरून झालेल्या या झगड्यातून जन्मली आहे.

येवल्याच्या घोषणेनंतर, एप्रिल १९३६ मध्ये, बाबासाहेब अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते. मुंबईचे खालसा कॉलेज त्याच संबंधांतून १९३७ साली उभे राहिले. त्या धर्माची ताकद बाबासाहेबांना दिसत होती. पण जातीचे काय? १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात मजहबी, रामदासिया, कबीरपंथी आणि सिकलीगर शिखांची नोंद करावी लागली, १९५६ मध्ये ती सवलत सर्व दलित शिखांना दिली गेली. जात संपली असती तर ही नोंद कशाला लागली असती?

२०११ च्या जनगणनेत पंजाबची जवळपास ३२ टक्के लोकसंख्या अनुसूचित जातींची आहे; देशात एवढे प्रमाण दुसऱ्या राज्यात नाही. तरी अनेक गावांत जाटांचा गुरुद्वारा वेगळा, मजहबींचा वेगळा, स्मशानही वेगळे. २००३ मध्ये जालंधरजवळच्या तल्हण गावात दलितांना धर्मस्थळाच्या व्यवस्थापनात वाटा मागण्यासाठी रस्त्यावर यावे लागले. २००९ मध्ये व्हिएन्नात रविदासियांच्या धर्मस्थळात संत रामानंदांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१० मध्ये, डेरा सचखंड बल्लांच्या अनुयायांनी काशीत वेगळा रविदासिया धर्म आणि वेगळा ग्रंथ जाहीर केला. ते केसांवरून भांडून गेले नाहीत.

जातीबाहेर लग्न न करणाऱ्याला शीख म्हणावे की नाही, असा खटला कुठल्या पूर्णपीठापुढे आल्याचे ऐकिवात नाही. पंजाबच्या वर्तमानपत्रांतल्या लग्नाच्या जाहिराती मात्र उघडून पाहा. मुलगा केसधारी हवा, आणि त्याच ओळीत: जाट शीखच हवा.