दोन आकार सारखे आहेत, हे ठरवायचे कसे?

मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ किती उंच? अनेक कलाग्रंथांत ४.३४ मीटर हा आकडा वर्षानुवर्षे छापला जात होता. १९९९मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात हा पुतळा लेझरने मोजला आणि उंची भरली ५.१७ मीटर.

लेझरची रेघ दगडावर पडली की उंचसखलपणाप्रमाणे वाकते. बाजूचा कॅमेरा तो बाक टिपतो आणि त्यावरून रेघेवरच्या बिंदूंची जागा काढता येते. शेजारचे बिंदू जोडत गेले की जाळी विणली जाते. संगणकाच्या लेखी पृष्ठभाग म्हणजे ही जाळी. ‘डेव्हिड’च्या मूळ मोजणीत सुमारे २ अब्ज बहुभुज होते.

एका जागेवरून सगळा पुतळा दिसत नाही, म्हणून अनेक बाजूंनी मोजलेले तुकडे जुळवावे लागतात. पॉल बेस्ल आणि नील मॅके यांनी १९९२मध्ये मांडलेली रीत इथे फार वापरली जाते. एका तुकड्यातल्या प्रत्येक बिंदूला दुसऱ्यातला सर्वांत जवळचा बिंदू जोडीदार म्हणून द्यायचा. जोड्यांमधले अंतर घटेल असा अख्खा तुकडा सरकवायचा, फिरवायचा. मग जोड्या नव्याने लावायच्या. अंतर घटेनासे झाले की थांबायचे. मात्र सुरुवात फार लांबून केली, तर तुकडा भलत्याच ठिकाणी बसतो.

खरा पेच पुढे आहे. १९९१मध्ये एका माणसाने हातोडीने ‘डेव्हिड’च्या डाव्या पायाच्या बोटाचा टवका उडवला. समजा, आधीची आणि नंतरची अशा दोन जाळ्या आपल्याकडे आहेत. त्यांच्यातले सरासरी अंतर जवळपास शून्य येईल. वर्गाची सरासरी उत्तम आली, म्हणून नापास मुलगा पास होत नाही.

फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी १९१४मध्ये वेगळे माप दिले. प्रत्येक बिंदूपासून दुसऱ्या आकारापर्यंतचे कमीत कमी अंतर दोन्ही बाजूंनी काढायचे आणि त्यांतले सर्वांत मोठे धरायचे. या मापातून तुटलेले बोट सुटत नाही. पण मोजणीत चुकून आलेला एखादा भरकटलेला बिंदूही सगळा निकाल फिरवतो. म्हणून व्यवहारात कधी टोकाची थोडी अंतरे वगळतात, तर कधी दोन्ही मापे शेजारी ठेवतात.

कृत्रिम सांध्याचा किंवा यंत्राच्या भागाचा आकार तपासताना हा फरक जिव्हाळ्याचा ठरतो. तिथे एकाच जागचा उंचवटा घात करू शकतो. म्हणून ‘आकार जुळतो’ असे कोणी सांगितले, की कोणत्या मापाने, हे विचारलेच पाहिजे. माप निवडतानाच कोणती चूक चालेल आणि कोणती नाही, हे आपण ठरवत असतो. तो निर्णय संगणकाचा नाही, माणसाचा आहे.