पासवर्ड शाबूत, खातं गेलेलं

अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या फलाटावर ‘रेलवायर’ हे स्थानकातलं वाय-फाय जोडायचं तर मोबाइल नंबर द्यावा लागतो, मग ओटीपी येतो. ओटीपी मागितला म्हणजे मामला सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. पण त्या ओटीपीने आपण कोण हे नेटवर्कला कळतं; नेटवर्क कोणाचं, हे आपल्याला कळत नाही. शेजारच्या बाकावरचा कुणीही त्याच नावाचा हॉटस्पॉट सुरू करू शकतो. शिवाय चोराला दर वेळी पासवर्ड लागतोच असं नाही. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो. परत देताना नाव कुणी विचारत नाही, बिल्ला पाहतात. लॉगिननंतर वेबसाइट ब्राउजरकडे असाच बिल्ला देते. त्याला सेशन कुकी म्हणतात. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ हे फायरफॉक्सचं जोडसाधन खुलं केलं, तेव्हा उघड्या वाय-फायवरच्या अनोळखी माणसाचं फेसबुक खातं दोन क्लिकमध्ये उघडता येई. पासवर्ड सांकेतिक रूपात जाई, पण त्यानंतरचा बिल्ला हवेत उघडा फिरे. कंपन्यांना जाग यावी, हाच बटलर यांचा हेतू होता.

आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे पूर्ण सांकेतिक जोडणीवर आहेत, मग भीती कशाची? आक्षेप रास्त आहे. हवेतून बिल्ला टिपणं आज खरोखरच अवघड झालं आहे. पण ‘कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा ब्राउजर देतो आणि बोरिवली लोकल समोर आलेली असताना आपण ‘पुढे जा’ दाबतो. तिथे ते संरक्षण आपणच काढून टाकतो. खोट्या हॉटस्पॉटचं पान ‘आधी हे अॅप घ्या’ म्हणालं, तर धोका आणखी मोठा, कारण तसलं अॅप बिल्ला थेट यंत्रातूनच उचलू शकतं. मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ हे प्रचंड मोठं यूट्यूब चॅनेल असंच गेलं. ईमेलसोबत आलेली एक फाइल उघडली गेली, बिल्ला चोरीला गेला. पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी जागच्या जागी राहिली. व्हीपीएन घेतलं तरी हा दरवाजा उघडाच राहतो. ते फक्त वाटेतली चोरी रोखतं.

म्हणून संशय आला की नुसता पासवर्ड बदलून थांबू नये, काही सेवांमध्ये जुना बिल्ला त्यानंतरही चालतो. सेटिंगमधल्या उपकरणांच्या यादीत जाऊन ‘सगळीकडून साइन आउट’ करावं, म्हणजे चोराच्या हातातला बिल्ला रद्द होतो. हे मोबाइल डेटावरून, स्वच्छ यंत्रावर करावं, आणि पैसे गेले असतील तर त्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावावा.