अपत्यसंख्येचे गणित आणि वैद्याचे उत्तरदायित्व

शेतीवर चालणाऱ्या घरात मूल म्हणजे राबणारे दोन हात आणि म्हातारपणाची काठी. पुढे शिक्षणाचा खर्च वाढला, कमाईचे वय लांबले आणि हे गणित पालटले. आईबाप अपत्यांची संख्या व प्रत्येकावरील खर्च यांचा एकत्रित विचार करतात, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० पासून केली. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.९ होती, २०१९-२१ मध्ये ती १.७ झाली.

तथापि कुटुंब लहान झाले, तरी पुत्राचा आग्रह त्या प्रमाणात ओसरला नाही. चार अपत्ये असता सर्व मुली होण्याचा संभव सुमारे सोळांत एक. दोनच अपत्ये असता तो चारांत एक. त्यामुळे पूर्वी अनेक बाळंतपणांत विभागला जाणारा आग्रह आता दुसऱ्या गर्भारपणावर एकवटतो. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४.

हाच आग्रह ‘मुलगा होण्याचे औषध’ मागत आपल्या चिकित्सालयात व औषधालयात येतो. अपत्याचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच पुरुषबीजाने ठरते. नंतरच्या कोणत्याही योगाने ते पालटत नाही. उलट पहिल्या तिमाहीतील अनावश्यक औषध गर्भास अपायकारक ठरू शकते. लिंगनिवड गर्भधारणेपूर्वी असो वा नंतर, २००३ मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्याने ती व तिची जाहिरात दोन्ही निषिद्ध आहेत. ग्रंथांतील पुंसवनाचा दाखला येथे ढाल होऊ शकत नाही.

केवळ नकार देऊन मात्र आपले काम संपत नाही. त्या जोडप्याचा हिशेब जुन्या दरांनी मांडलेला आहे, हे त्यांना समजावले पाहिजे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस जन्मतः समान हक्क देणारा बदल महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये केला. आईवडिलांच्या निर्वाहाचे दायित्व २००७ च्या कायद्याने मुलगा व मुलगी दोघांवरही आहे.

किती अपत्ये हवीत, हा निर्णय पतिपत्नींचाच. त्यात सासरच्या धाकाला स्थान नसावे, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर असावे आणि स्त्रीचा पांडुरोग आधी दूर व्हावा, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. औषधविक्रेत्या बंधूंनीही असली पुडी दुकानात ठेवू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.