पाया खणण्याआधीचा नकाशा

तायांनो, ग्रामसंघाची मसाला शेड मंजूर झाली की आपला पहिला प्रश्न असतो, भूमिपूजन कधी? इंजिनिअर साहेब एक नकाशा दाखवतात, आपण माना हलवतो, अध्यक्ष-सचिव सह्या करतात, झालं. पण तो पहिला नकाशा म्हणजे नुसती कल्पना असते. इथे खोली, तिथे दार, एवढंच. कल्पना पसंत पडल्यावर आणि बांधकामाचे शेवटचे नकाशे निघण्याआधी मधे एक टप्पा असतो. आर्किटेक्ट त्याला ‘डिझाइन डेव्हलपमेंट’ म्हणतात, आपण नकाशा पक्का करणं म्हणू. नेमकी मापं, भिंत कशाची, छत किती उंच, पाणी कुठून येणार नि कुठे जाणार, विजेचे बोर्ड, फरशी, सगळं इथेच ठरतं. खरं अंदाजपत्रकही यावरूनच निघतं.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. दीक्षाभूमीवर आपल्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या आहेत. तिथला स्तूप सांचीच्या स्तूपासारखा, ही झाली कल्पना. पण सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, त्याला बाहेरूनच प्रदक्षिणा घालतात. वास्तुविशारद शिवदान मल यांनी केलेला आपला स्तूप पोकळ आहे, आत हजारो लोक मावतात. आता पोकळ म्हटलं की प्रश्नच प्रश्न! एवढ्या घुमटाचं वजन कशावर पेलायचं, दारं कुठे, उजेड कुठून? हे कागदावर सुटल्याशिवाय गवंड्याने हात लावून चालत नाही. काम 1978 मध्ये सुरू झालं आणि 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालं.

त्याच जागेची दुसरी गोष्टही आठवत असेल. तिथे भूमिगत पार्किंगचं खोदकाम सुरू झालं. स्तूपाला धोका होईल या धास्तीने 1 जुलै 2024 ला लोक मोठ्या संख्येने विरोधात उतरले आणि सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. ज्यांची जागा, त्यांचं म्हणणं खड्डा खणण्याआधी ऐकलं गेलं पाहिजे, नाही का?

आता आपल्या शेडकडे या. कागदावर दार हलवायला खोडरबर पुरतं, भिंत उभी झाल्यावर तेच दार हलवायचं तर तोडफोड, नवा गिलावा आणि ठेकेदाराचं जादा बिल. पैसा कोणाचा? गटाचाच.

नकाशा वाचता येत नाही म्हणून गप्प बसू नका. मला सगळ्यात आवडणारी रीत सांगते. प्रत्यक्ष जागेवर नकाशाच्या मापाने चुन्याची फक्की मारा. कांडप मशीन जिथे बसणार तिथे तेवढ्याच आकाराची खाट ठेवा, मिरचीची पोती ठेवा आणि चार जणी आत काम केल्यासारख्या वावरा. दोघी समोरासमोर पोतं घेऊन जाऊ शकत नसतील तर तिथल्या तिथे कळेल. साहेबांच्या कॉम्प्युटरपेक्षा हे आपल्याला लवकर समजतं.

मशीनचं माप आधी घ्या, दाराची रुंदी मग ठरवा. मशीनला थ्री फेज लागणार असेल तर ते आत्ताच सांगा. मिरचीचा ठसका वाऱ्याने पॅकिंगच्या खोलीत शिरू नये, म्हणून कांडपाची जागा वाऱ्याची दिशा पाहून ठरवा. पश्चिमेची भिंत नागपूरच्या मे महिन्यात तापून तवा होते. तिकडे काम करायची जागा काऊन ठेवायची? तिकडे सामानाची खोली जाऊ द्या, नाहीतर बाहेरून पडवी काढा. फूड लायसन्ससाठी फरशी-भिंती धुता येणाऱ्या आणि खिडक्यांना जाळी लागते, तेही नकाशातच यावं. जमीन काळी असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया किती खोल आणि कसा, हे इंजिनिअरना बैठकीत सर्वांसमोर विचारा. आणि हो, संडास! तो कल्पनेच्या नकाशात बऱ्याचदा नसतोच.

जे ठरेल ते ठराव वहीत लिहा. बदल केलेल्या नकाशावर तारीख टाकून इंजिनिअरची सही घ्या, मग आपली करा. एक प्रत ग्रामसंघाच्या फाइलला लावा. ठेकेदाराला काम देताना हाच नकाशा द्यायचा, पहिला नाही.