घरपट्टीची माफी आणि शहराचा खर्च

महापालिकेची निवडणूक आली की उमेदवार मतदाराच्या दारी दोन आश्वासने घेऊन येतो. घरपट्टी वाढू देणार नाही, हे पहिले. आणि रस्ते, पाणी, उद्याने यांनी प्रभागाचा कायापालट करू, हे दुसरे. ही दोन्ही आश्वासने एकत्र कशी नांदणार, असा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मुंबईचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. २०१७ च्या निवडणुकीत शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून मुक्त करण्याचे वचन दिले. परंतु त्यासाठी राज्य सरकारची संमती आवश्यक होती. २०१९ मध्ये केवळ सर्वसाधारण कर माफ झाला. जल, मलनिःसारण, शिक्षण इत्यादी बाबींची आकारणी कायमच राहिली. संपूर्ण माफीचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला तो जानेवारी २०२२ मध्ये. तात्पर्य, उमेदवाराने जे देऊ केले ते देणे सर्वस्वी त्याच्या हाती नव्हतेच.

ही सवलत अन्याय्य होती असे नव्हे. २०१० पासून मुंबईत करआकारणीचा आधार भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्य हा झाला. जागेचे भाव वाढले म्हणून त्याच घरात राहणाऱ्या शिक्षकाचे वा कारकुनाचे वेतन वाढत नाही. अशा कुटुंबाला दिलासा मिळणे उचितच होय.

तथापि, माफ केलेला कर कोणीतरी भरून काढावाच लागतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात बंद झाली. तिच्या जागी राज्याकडून नुकसानभरपाई येऊ लागली. आता घरपट्टीचा पायाही आकुंचित झाला, तर महापालिकेची भिस्त सरकारी अनुदानावर आणि वाढीव चटई क्षेत्रासाठी बांधकाम व्यावसायिकांकडून मिळणाऱ्या अधिमूल्यावर वाढत जाणार. जी संस्था उंच इमारतींच्या परवानगीवर आपला चरितार्थ चालवते, तिला त्या इमारतींमुळे पाण्यावर व रस्त्यांवर पडणारा ताण कितपत दिसेल?

मुंबईत १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी ३२ सभासद निवडण्याचा अधिकार करदात्यांना मिळाला. कर देणारा हिशेब मागू शकतो, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे मताधिकार सार्वत्रिक झाला, ही इष्ट गोष्ट. परंतु हिशेब मागण्याची सवय त्याबरोबर वाढली नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा हा हिशेब विचारावयास सभागृहच उरले नव्हते.

म्हणून मतदाराने दारी आलेल्या उमेदवारास विचारावे : सवलत कोणाला, किती, आणि तिची भरपाई कोठून? मोठ्या व्यापारी मालमत्तांची थकबाकी वसूल करण्यासाठी आपण सभागृहात कोणता आग्रह धराल? या प्रश्नांना जो आकड्यांनिशी उत्तर देईल, त्याचेच विकासाचे आश्वासन विश्वासार्ह मानावे.