सोयी कापल्या म्हणजे वेग येतो?

गैरसमज: फ्रेमवर्कमध्ये जितक्या सोयी, तितकं ॲप्लिकेशन संथ.

वस्तुस्थिती: मुंबईत तयार झालेलं फ्रॅपे घ्या. ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे, ते हेच मुक्त-स्रोत फ्रेमवर्क. यात एक डॉकटाइप, म्हणजे नोंदीच्या प्रकाराचा आराखडा, बनवला की टेबल, फॉर्म, यादी, परवानग्या, एपीआय, सगळं आयतं मिळतं. आता समजा, जयपूरजवळच्या सांगानेरमधला ठसेछपाईचा एक व्यापारी त्यावर ऑर्डरी नोंदवतो आणि 50 ऑर्डरींचा अहवाल उघडायला ताटकळतो. खापर फुटतं फ्रेमवर्कवर. पण न वापरलेली सोय बहुतेक वेळा नुसती पडून असते. अहवालाचा कोड उघडला की खरा चोर सापडतो: लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरसाठी 'गेट_डॉक'. ते अख्खी ऑर्डर आणतं. मालाच्या ओळी, कर, हप्ते, प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी. हवी होती फक्त ग्राहकाचं नाव आणि रक्कम, आणि डेटाबेसकडे शेकडो खेपा झाल्या. तेवढेच दोन रकाने मागणारी एक क्वेरी पुरली असती.

गैरसमज: यादी आणताना 'गेट_लिस्ट'ऐवजी 'गेट_ऑल' वापरलं की झालं.

वस्तुस्थिती: क्वेरी हलकी होते हे खरं, पण का? 'गेट_ऑल' वापरणाऱ्याच्या परवानग्या तपासतच नाही. रात्रीच्या हिशेबाच्या स्क्रिप्टला ते चालतं. विक्री प्रतिनिधीच्या पडद्यावर ते वापरलंत, तर एकाची गिऱ्हाइकं दुसऱ्याला दिसतील. याला वेग वाढवणं म्हणत नाहीत, कुलूप काढून ठेवणं म्हणतात.

गैरसमज: मोठा सर्व्हर घेतला की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती: शोधाच्या रकान्यावर इंडेक्स नसेल, तर मारियाडीबी हा डेटाबेस अख्खं टेबल चाळतो, महागड्या मशीनवरही चाळतोच. पण म्हणून सरसकट इंडेक्स लावत सुटू नये, कारण प्रत्येक नवी नोंद करताना तोही सांभाळावा लागतो. 'ट्रॅक चेंजेस'चंही तसंच. प्रत्येक बदलाची वेगळी नोंद लिहिली जाते. किमतींसाठी ती ठेवाच. तापमानाच्या दर मिनिटाच्या नोंदींसाठी कशाला?

कॅशे आणि पार्श्वभूमीवरच्या कामांबद्दल थोडक्यात: रेडिसमध्ये सेटिंग्ज खुशाल ठेवा. शिल्लक ताग्यांचा आकडा विक्री पक्की करताना मात्र डेटाबेसमधूनच घ्या, नाहीतर विकलेला माल पुन्हा विकला जाईल. शेकडो बिलांचे ईमेल 'एन्क्यू'ने पार्श्वभूमीवर सोडावेत. ते तितकाच वेळ घेतात, फक्त काउंटरवरचा माणूस अडकून राहत नाही.