पाळीव सशांचे पोटाचे विकार व स्वच्छता

ससा हा शांत व लोभस प्राणी असल्यामुळे अनेक घरांतून तो मुलांसाठी हौसेने पाळला जातो. तथापि काल बागडणारा ससा आज अकस्मात दगावला, असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी दैवाला किंवा दृष्टीला दोष दिला जातो. प्रत्यक्षात चुकीचा आहार, अस्वच्छता व उपचारांतील दिरंगाई हीच बहुधा त्याची कारणे असतात.

ससा गाईगुरांप्रमाणे रवंथ करीत नाही. त्याच्या मोठ्या आतड्याच्या आरंभी एक मोठी पिशवी असून तीत वास करणारे उपयुक्त सूक्ष्मजंतू चाऱ्याचे पचन घडवून आणतात. तेथे तयार झालेल्या मऊ, चकचकीत गोळ्या ससा गुदद्वारापासूनच थेट खातो. ही घाणेरडी खोड नव्हे. त्यातून त्याला प्रथिने व 'ब' जीवनसत्त्वे मिळतात. म्हणून त्यास अटकाव करू नये.

वाळलेले स्वच्छ गवत व हिरवा चारा हाच सशाचा मुख्य आहार होय. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात व गवत चावण्यानेच ते झिजतात. पोळी, भात, बिस्किटे व गोड पदार्थ यांमुळे आतड्यातील जंतूंचा समतोल ढळून पोट फुगते किंवा हगवण लागते. गाजरही बेतानेच द्यावे. पावसाळ्यात आंबलेला वा बुरशी आलेला चारा कटाक्षाने टाळावा. चाऱ्यात बदल करावयाचा झाल्यास तो हळूहळू करावा. स्वच्छ पाणी सदैव समोर असावे.

सशाने खाणे सोडले, तो अंग चोरून बसला, लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद पडल्या, तर आतड्याची हालचाल मंदावली असे समजावे. सशाला ओकारी होत नाही. म्हणून 'उद्या पाहू' असे म्हणणे प्राणघातक ठरू शकते. त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे. घरात उरलेली पेनिसिलिन वा अमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे सशाला तोंडावाटे कदापि देऊ नयेत. ती उपयुक्त जंतूंचा नाश करतात व त्यामुळे ससा मरूही शकतो.

पिंजरा कोरडा व हवेशीर असावा आणि ओले अंथरूण रोज बदलावे. विष्ठेतून पसरणारा कॉक्सिडिओसिस हा रोग विशेषतः पिलांना घातक असतो. दमट दिवसांत मागील भाग मळलेल्या सशावर माश्या अंडी घालतात व एका दिवसातच अळ्या पडू शकतात. यास्तव तो भाग रोज तपासावा. मळल्यास तेवढाच भाग कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. संपूर्ण आंघोळ घालू नये, कारण तिच्या धसक्यानेही ससा आजारी पडतो.

सशाची देखभाल मुलांकडे सोपविली, तरी पिंजऱ्यातील लेंड्या व उरलेला चारा यांवर दररोज एकदा वडीलधाऱ्यांनी स्वतः नजर टाकणे अगत्याचे आहे. आजाराची पहिली सूचना तेथेच मिळते.